गोल्फची काठी आणि मास्टरची टेप

पन्नाशी ओलांडलेला कापडवाला गोल्फ खेळतो म्हटल्यावर आमच्या बाजारात लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "शेठ, धंदा बरा चाललेला दिसतो!" धंदा बेताचाच आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले, सुटिंगच्या एका घाऊक व्यापाऱ्याने एकदा पुण्याच्या मैदानावर बरोबर नेले आणि आम्ही त्या नादाला लागलो, एवढीच हकिगत. हे पान खेळाच्या बातम्यांचे नव्हे, हे आम्ही जाणतो. आम्हाला लिहायचे आहे ते मापाविषयी, आणि मापाचा प्रश्न आमच्या शिंपी, मोची, सुतार अशा सर्व कारागीर बांधवांचा आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. हौशी खेळाडूने काठ्या घ्यायच्याच तर अंगाचे माप देऊन घ्याव्यात. आणि माप घेणाऱ्याला मापाचे पैसे वेगळे द्यावेत. पहिली गोष्ट आम्हाला तीन वर्षांच्या कोपरदुखीने शिकवली. दुसरी शिकायला वीस वर्षे लागली आणि तिची किंमत दुसऱ्याच माणसाने भरली.

दुसऱ्याची शेरवानी

आमचा पहिला संच एका निवृत्त साहेबांचा वापरलेला होता. दर स्वस्त, माल नामांकित, म्हणून आम्ही व्यापाऱ्याच्या हिशेबाने खूश झालो. साहेब सहा फूट उंच आणि आम्ही पाच फूट चार इंच, ही गोष्ट त्या वेळी ध्यानात आली नाही. वास्तविक याच साहेबांची शेरवानी कोणी आम्हाला फुकट दिली असती तर आम्ही ती अंगाला लावूनही पाहिली नसती. कापडाच्या बाबतीत डोळे उघडे आणि काठीच्या बाबतीत बंद, असा प्रकार झाला.

गोल्फच्या काठीला तीन भाग असतात: हातात धरायची मूठ, मधला दांडा आणि चेंडूला लागणारे डोके. डोक्याला बुटासारखी टाच आणि चवडा असतो. काठी लांब पडली किंवा तिचा कोन जास्त उभा असला की चेंडू मारताना टाच जमिनीला लागते आणि चवडा हवेत राहतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू मग डावीकडे जातो. उलट चवडा खाली दबला तर चेंडू उजवीकडे जातो. आमचा चेंडू नेमाने डावीकडे जात असे. शिकवणारे म्हणत, मनगट सुधारा. आम्ही मनगट आवळून धरू लागलो. चेंडू थोडा सरळ झाला आणि डावे कोपर दुखू लागले. तीन वर्षे आम्ही हाताला दोष देत राहिलो. काठीला कोणी टेप लावली नाही, आम्हीही नाही.

माप आधी होते, मग गेले, मग परत आले

या धंद्याचा इतिहास आमच्या शिंप्यांच्या इतिहासासारखाच आहे, म्हणून दोन शब्द लिहितो.

पूर्वी काठीचा दांडा हिकरी नावाच्या अमेरिकी लाकडाचा असे. स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूजसारख्या गावी काठ्या बनवणाऱ्या कारागिरांची दुकाने असत. लाकूड कधी एकसारखे निघत नाही. कारागीर गिऱ्हाइकाचा हात पाहून दांडा तासून, घासून देई. मग पोलादी दांडा आला. अमेरिकेत त्याला आधीच परवानगी मिळाली होती. 1929 साली सेंट अँड्र्यूजच्या आर. अँड ए. या नियम ठरवणाऱ्या संस्थेनेही ती दिली. पोलाद आल्यावर हजार दांडे एकसारखे निघू लागले. काठ्यांना पूर्वी नावे होती, आता नंबर पडले. दुकानात तयार संच मिळू लागला आणि माप संपले. तयार विजारीने आपल्याकडे जे केले तेच तिकडे पोलादाने केले.

माप परत आणणाऱ्यांत मोठे नाव कार्स्टन सोल्हाइम यांचे. हे गृहस्थ 1911 साली नॉर्वेतील बर्गन येथे जन्मले आणि लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत सिएटलला आले. वडिलांचा धंदा बूट बनवण्याचा आणि दुरुस्तीचा. मुलाला इंजिनियर व्हायचे होते, पण मंदीच्या काळात पैशाअभावी कॉलेज सुटले आणि त्याने बुटांच्याच दुकानात पोट भरले. पुढे तो मोठ्या कारखान्यांत इंजिनियर झाला. वयाच्या 42 व्या वर्षी सहकाऱ्यांबरोबर गोल्फ खेळू लागला, आणि चेंडू भोकात ढकलायची काठी जमेना म्हणून 1959 साली घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच काठी बनवली. चेंडूला लागताना तिचा 'पिंग' असा आवाज येई, तेच कंपनीचे नाव झाले. 1972 साली या कंपनीने रंगांचा तक्ता काढला. माणसाची उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे, तक्त्यात बघायचे, आणि त्या रंगाचा ठिपका असलेली काठी द्यायची. काळा ठिपका साधारण मापाचा. बाकीचे रंग कमीअधिक उभ्या किंवा आडव्या कोनाचे.

ज्याने लोकांच्या पायाची मापे घेतली होती त्यालाच काठीचे माप सुचले, हा योगायोग आम्हाला वाटत नाही. आणि तोही चाळिशीनंतर खेळायला लागलेला हौशी माणूस होता, हे विशेष.

माप कसे घेतात

आमच्या मित्रांच्या सांगण्यावरून आम्ही एका फिटरकडे गेलो. फिटर म्हणजे काठीचा मास्टर. त्याने आधी उंची घेतली, मग मनगटापासून जमिनीपर्यंत टेप लावली. 32 इंच भरले. मग पंजा आणि बोटे मोजली. हे झाले उभ्याचे माप. तक्त्याप्रमाणे आम्हाला साधारण एक अंश आडवी काठी बसत होती. आम्हाला वाटले काम झाले.

पण तो म्हणाला, आता मारून दाखवा. त्याने चेंडूवर मार्करने उभी रेघ ओढली आणि ती रेघ काठीकडे करून चेंडू ठेवला. मारल्यावर रेघेचा ठसा काठीच्या तोंडावर उमटला, तो तिरका. तळाला चिकटपट्टी लावून फळीवरून मारायला सांगितले. पट्टीवरची खूण टाचेकडे उमटली. निष्कर्ष असा निघाला की हलत्या अंगाला एक नव्हे तर दोन अंश आडवी काठी हवी. उभा माणूस आणि हलता माणूस यांचे माप वेगळे असते. आमच्या दुकानाशेजारचे मास्टर शेरवानीचे माप घेताना गिऱ्हाइकाला बसवून बघत, हात वर करायला लावत, चार पावले चालायला लावत. ते आम्हाला त्या क्षणी आठवले.

पुढचे माप दांड्याचे. दांडा किती लवतो त्यावर अक्षरे असतात. 'आर' म्हणजे साधारण, 'एस' म्हणजे ताठ. ही अक्षरे सर्व कंपन्यांत सारखी नाहीत. एकीचा 'आर' दुसरीच्या 'एस'इतका ताठ असू शकतो. तयार शर्टाच्या 'एल' आणि 'एक्सएल'चा अनुभव असलेल्या आमच्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. साहेबांचा दांडा ताठ आणि 120 ग्रॅमच्या वरचा होता. आम्हाला त्याहून बराच हलका आणि लवचीक दांडा निघाला. लांबी अर्धा इंच कमी झाली. मूठ मात्र जाड करावी लागली, कारण आमची बोटे आखूड असली तरी सांध्यांत सूज आहे आणि बारीक मुठीवर आम्ही हात फार आवळत होतो. मूठ जाड करायची युक्ती साधी आहे: रबरी मूठ चढवण्याआधी दांड्यावर कागदी टेपचे एकदोन वेढे जास्त द्यायचे.

कोन बदलण्याचे काम तर शुद्ध कारागिरी आहे. डोके शिकंजात पकडतात आणि मानेला लांब दांड्याने बेताने वाकवतात. मऊ पोलादाची घडीव काठी सहज वाकते. ओतीव स्टेनलेस स्टीलची काठी दोनेक अंशांच्या पुढे न्यायची म्हणजे मोडण्याची भीती. रडारची यंत्रे आता आली आहेत, डेन्मार्कच्या ट्रॅकमनसारखी. चेंडूचा वेग, चढण्याचा कोन, फिरकी सर्व पडद्यावर दिसते. पण शिकंजापाशी शेवटी हातच लागतो.

"आम्ही कुठले खेळाडू?"

माप द्या म्हटले की हौशी माणूस म्हणतो, आम्ही कुठले मोठे खेळाडू, आम्हाला कशाला माप? आम्हीही असेच म्हणत होतो. हा विचार उलटा आहे.

गरीब घरातून आलेले मोठे खेळाडू या खेळात झाले आहेत. दिल्लीचे अली शेर हे गोल्फ मैदानावर दुसऱ्यांच्या पिशव्या उचलणारे कॅडी होते. त्यांनी 1991 साली इंडियन ओपन जिंकली आणि 1993 साली पुन्हा जिंकली. असे खेळाडू लहानपणापासून मैदानावर वाढतात, हाताला येईल त्या काठीशी अंग जुळवून घ्यायला शिकतात. दिवसाला शेकडो चेंडू मारणाऱ्याला ते जमते. आठवड्यातून एकदा जाणाऱ्या, पोट सुटलेल्या, सांधे धरलेल्या माणसाला अंग जुळवायला वेळ कुठे आहे? त्याच्यासाठी काठीनेच जुळवून घेतले पाहिजे. ज्याचे अंग सुबक आहे त्याला तयार सूटही खपून जातो. शिंप्याची खरी गरज एक खांदा उतरलेल्यालाच असते.

आता दुसरी बाजूही सांगणे हे ईमानदारीचे काम आहे. मापाची काठी खेळ शिकवत नाही. अगदी नवशिक्याने आधी काही महिने शिकवणी घ्यावी; त्याचा हात रोज बदलतो, तेव्हा आजचे माप उद्या लागू पडणार नाही. त्याने स्वस्त संच घेऊन फक्त लांबी, कोन आणि मूठ तपासून घ्यावी. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो आणि खर्च बेताचा होतो. आमचे सांगायचे तर चेंडू आज जास्त लांब जात नाही. सरळ जातो, आणि कोपर दुखत नाही. पन्नाशीनंतर याहून जास्त नफा मागू नये.

माल घेताना गज लावा

या धंद्यातही लबाडी आहे आणि ती ओळखायला आम्हा व्यापाऱ्यांना वेळ लागू नये.

पहिली लबाडी नंबरांची. पन्नास वर्षांपूर्वी सात नंबरच्या काठीच्या तोंडाचा उतार साधारण 36 ते 40 अंश असे. आज हौशी लोकांना विकल्या जाणाऱ्या पुष्कळ संचांत तो 30 अंशांच्या आसपास आहे. याला तांत्रिक कारणही आहे. डोक्याचे वजन खाली नेल्याने चेंडू सहज चढतो, म्हणून उतार कमी करता येतो. पण परिणाम असा की दुकानात नवी सात नंबरची काठी जुनीपेक्षा लांब मारते आणि गिऱ्हाईक भुलते. वस्तुतः त्याने जुनी सहा किंवा पाच नंबरचीच काठी मारलेली असते. 36 इंच कमरेच्या विजारीवर 34 ची चिठ्ठी लावून गिऱ्हाइकाला खूश करणारे आमच्या धंद्यात कमी आहेत का? म्हणून नंबर विचारू नका, अंश विचारा. आणि आपली जुनी काठी बरोबर नेऊन दोन्ही शेजारी शेजारी मारून बघा.

दुसरी गोष्ट, जो एकाच कंपनीचा माल ठेवतो त्याचे माप त्या कंपनीकडेच झुकते. शक्यतो दोनचार कंपन्यांचा माल असलेल्याकडे जावे. तिसरी गोष्ट, खोलीत चटईवर मारलेला चेंडू फसवतो. चुकून आधी जमिनीला लागलेली काठी चटईवरून घसरते आणि फटका बरा वाटतो. गवतावर तीच रुतते. जमल्यास गवतावर माप द्यावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मापाचा कागद लिहून घ्यावा: लांबी, कोन, उतार, दांडा, मूठ. माल आला की त्या कागदाबरोबर ताडून घ्यावा. आमच्या संचातल्या सात लोखंडी काठ्यांपैकी एकीचा कोन जसाच्या तसा साधारण मापाचा निघाला. आम्ही हट्टाने मोजायला लावले म्हणून सापडले. विक्रेत्याने तक्रार न करता ती वाकवून दिली. पण न मोजता घरी नेली असती तर आम्ही पुन्हा मनगटालाच दोष दिला असता. ठाणातले कापड गज लावल्याशिवाय न घेणारे आम्ही, दुसऱ्याच्या धंद्यात गेलो की डोळे मिटतो.

मापाचे पैसे

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते लिहितो.

फिटरने मापाची फी आधीच सांगितली होती. काठ्या घ्या, न घ्या, फी द्यावी लागेल. ती रक्कम एका साध्या सुटाच्या शिलाईपेक्षा जास्त होती. आम्ही ती घासाघीस न करता दिली, कारण त्याने आमच्यासाठी दीड तास घालवला होता. पावती खिशात घालून गाडीत बसलो आणि मास्टरची आठवण झाली.

मास्टर आमच्या वडिलांच्या वेळेपासून दुकानाला लागून बसत. गिऱ्हाईक आमच्याकडे कापड घेई आणि शिलाई मास्टरला थेट देई. 2004 साली तयार सुटांची दुकाने वाढली, तेव्हा आम्ही पाटी लावली: "सुटाचे कापड घ्या, शिलाई फुकट." गर्दी झाली. शिलाई आता आम्ही देऊ लागलो, आणि काम ठोक म्हणून दर पाडला. त्या दरात माप घेण्याचे, कच्च्या शिलाईवर सूट अंगावर घालून बघण्याचे पैसे आम्ही धरलेच नव्हते. मास्टरने काही दिवस पदरचा वेळ घातला. मग पोटासाठी कच्ची शिलाई बंद केली. ती बंद झाली तशी फिटिंग बिघडली. फिटिंग बिघडली तसे गिऱ्हाईक म्हणू लागले, यापेक्षा तयार सूट बरा. 2011 साली मास्टरने मशीन विकले. आज ते एका गल्लीत तयार पँटींची लांबी कमी करून देतात.

इतकी वर्षे आम्ही सभांतून सांगत आलो की तयार कपड्यांच्या कंपन्यांनी आमचे शिंपी मारले. त्यात तथ्य आहे. पण आमच्या मास्टरचे माप आम्ही फुकट केले, ही गोष्ट आम्ही कोणत्याही सभेत सांगितली नाही. जी वस्तू फुकट वाटली जाते तिची किंमत गिऱ्हाईकही करीत नाही आणि पुढे देणाराही करीत नाही. गोल्फवाल्यांनी माप वेगळे विकले म्हणून त्यांच्याकडे ते टिकले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मास्टरच्या घरी गेलो. म्हटले, आठवड्यातून दोन दिवस दुकानात येऊन फक्त माप घ्या आणि कच्ची शिलाई बघा. मापाची फी वेगळी, ती पूर्ण तुमची. मास्टर म्हणाले, "शेठ, नापाचे पैसे कोण देणार?" आम्ही खिशातून फिटरची पावती काढून पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. म्हणाले, "काठीच्या नापाचे एवढे?" आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्याकडेही बोलण्यासारखे काही नव्हते.

मास्टर येऊ लागले आहेत. पहिल्या महिन्यात 11 गिऱ्हाइकांनी फी दिली. सहासात जण पाटी वाचून परत गेले. हे प्रमाण बरे की वाईट, ते वर्ष सरल्यावर समजेल. तूर्त आमच्या व्यापारी बांधवांना एवढीच विनंती आहे की बिलात मापाची ओळ वेगळी छापावी, मग तिच्यापुढचा आकडा लहान का असेना. आणि कारागीर बांधवांना सांगणे असे की टेप गळ्यात घालण्याआधी तिचा दर सांगावा. सांगायला संकोच वाटला तर गोल्फच्या काठीचे उदाहरण द्यावे. लोक आधी हसतील, मग विचार करतील.